प्लास्टर निघालं, पाय बारीक झाला: मांडी परत कमवायची कशी

सहा आठवड्यांनी प्लास्टर कापलं जातं आणि घरचे सगळे त्या पायाकडे बघत राहतात. मांडी ओघळलेली, पोटरी हाताला पिशवीसारखी मऊ लागते, त्वचेला पोपडे आलेले. डॉक्टर एक्स-रे बघून "हाड जुळलंय, आता चालायला लागा" म्हणतात आणि पुढच्या पेशंटला बोलावतात. हाडाचं काम तिथे संपतं. स्नायूचं तिथून सुरू होतं, आणि ते कसं करायचं हे बहुतेकांना नीट कुणी सांगतच नाही.

हा लेख गुडघ्याखालच्या किंवा घोट्याच्या हाडाचं फ्रॅक्चर, लिगामेंटची दुखापत, गुडघ्याचं ऑपरेशन किंवा डेंग्यू-टायफॉइडसारख्या आजारात दोन-तीन आठवडे अंथरुणात काढलेल्यांसाठी आहे. एक अट आधीच सांगतो. पायावर किती भार टाकायचा हे तुमचे हाडाचे डॉक्टर ठरवणार. "अजिबात टेकवू नका", "अर्धा भार चालेल", "पूर्ण भार टाका" यातलं तुम्हाला नेमकं काय सांगितलंय, ते स्पष्ट विचारून फाईलवर लिहून घ्या. खालच्या पायऱ्या त्या चौकटीतच चढायच्या आहेत.

पाय बारीक होतो म्हणजे आत काय होतं

स्नायूतली प्रथिनं सतत मोडत असतात आणि सतत नवी बनत असतात. रोजच्या वापरात हा जमाखर्च जुळतो. पाय प्लास्टरमध्ये अडकला की नवी प्रथिनं बनण्याचा वेग खाली येतो, मोडतोड मात्र चालू राहते. पोटात चांगलं अन्न गेलं तरी बिनवापराचा स्नायू त्याला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाही. तूट रोज साचत जाते.

किती? २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात धडधाकट तरुणांचा एक पाय मुद्दाम प्लास्टरमध्ये ठेवला होता. पाच दिवसांत मांडीच्या पुढच्या स्नायूची जाडी सुमारे साडेतीन टक्के आणि ताकद ९ टक्के घटली. चौदा दिवसांत जाडी ८ टक्क्यांहून थोडी जास्त, आणि ताकद जवळजवळ २३ टक्के. म्हणजे ताकद जाडीच्या अडीच-पावणेतीन पट वेगाने जाते. कारण ताकद फक्त मांसात नसते. मेंदू आणि मज्जारज्जू त्या स्नायूला किती जोरात आणि किती एकजुटीने हुकूम देतात, यावरही ती ठरते. बसून बसून हुकूम देण्याची सवयही मोडते. म्हणूनच पाय दिसायला फार बारीक नसूनही जिन्यावर लटपटतो.

वयस्कांचं गणित आणखी कडक आहे. २००७ साली सरासरी ६७ वर्षं वयाच्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवून तपासलं, तेव्हा दोन्ही पायांतलं मिळून जवळजवळ एक किलो मांस कमी झालं होतं. ना ताप, ना ऑपरेशन, नुसतं पडून राहणं. "आजोबा, तुम्ही अजिबात उठू नका, आम्ही आहोत ना" ही प्रेमाने केलेली सेवा त्यांना किती महागात पडते, ते या एका आकड्यावरून कळावं.

सगळे स्नायू सारखे झिजत नाहीत. मांडीचा पुढचा भाग, पोटरी, कुल्ले, पाठीचा कणा ताठ ठेवणारे स्नायू, म्हणजे जे आपल्याला दिवसभर उभं धरतात, ते सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त आटतात. हातांचं नुकसान त्यामानाने कमी होतं. अंतराळवीरांचं नेमकं हेच होतं. म्हणून अंतराळ स्थानकात त्यांच्या रोजच्या वेळापत्रकात व्यायामाला, यंत्रं मांडण्या-आवरण्यासकट, सुमारे अडीच तास राखलेले असतात.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. स्नायू ज्या लांबीत अडकून पडतो, ती लांबी तो आपलीशी करतो. आखडलेल्या स्थितीत आठवडे काढले तर तंतूंमधले एकापुढे एक जोडलेले आकुंचनाचे घटक कमी होतात आणि स्नायू खरोखर आखूड होतो. चवडा खाली झुकलेला राहिला की पोटरी आखडते आणि मग पाय जमिनीवर सपाट टेकत नाही.

पायरी १: प्लास्टर असतानाच सुरुवात

सगळ्यात जास्त फायदा इथे आहे आणि सगळ्यात कमी लोक इथे काही करतात.

प्लास्टरच्या आत सांधा हलत नाही, पण स्नायू आवळता येतो. डॉक्टरांनी हरकत घेतली नसेल तर मांडी आवळायची, पाच-सहा सेकंद धरायची, सोडायची. दहा वेळा झालं की थोडं थांबायचं. दिवसातून चार-पाच फेऱ्या. बोटं मोकळी असतील तर दर तासाला हलवायची. दुसऱ्या पायाचा घोटा वर-खाली करत राहायचं, त्याने पोटरीतलं रक्त वाहतं राहतं.

आता चांगल्या पायाबद्दल. त्याला वजन लावून मेहनत करायला लावली की बांधलेल्या पायाची ताकदही थोडी टिकते. ऐकायला भोंदूपणा वाटतो, पण येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर यांनी १८९४ सालीच एका हाताला व्यायाम देऊन दुसऱ्या हाताची ताकद वाढलेली मोजून दाखवली होती. इथे मांस वाढत नाही, हुकूम देणारी यंत्रणा तल्लख राहते. तेव्हा खुर्चीत बसून चांगल्या पायाच्या घोट्याला दीड-दोन किलो बांधा आणि गुडघा सरळ करण्याचा व्यायाम दिवसाआड करा. फुकटचा फायदा आहे.

उशीचं मात्र सांभाळा. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर गुडघ्याखाली गुबगुबीत उशी घेतली की बरं वाटतं, म्हणून घरोघरी तीच दिली जाते. त्याच उशीवर तीन आठवडे गेले की गुडघा वाकलेलाच राहतो आणि तो सरळ करायला पुढे तीन महिने घाम गाळावा लागतो. सूज उतरवायला पाय उंच ठेवायचा असेल तर उशी टाचेखाली आणि पोटरीखाली, गुडघा मोकळा आणि सरळ. तुमच्या ऑपरेशनसाठी डॉक्टरांनी वेगळी स्थिती सांगितली असेल तर अर्थात तीच पाळायची.

पायरी २: आधी मोजून ठेवा

मोजलं नाही तर महिनाभराने "काहीच फरक नाही" असं वाटतं आणि व्यायाम सुटतो. शिंप्याची टेप पुरे. गुडघ्याच्या वाटीची वरची कड बोटाने शोधा, तिथून मांडीवर वर १० सेंटिमीटरवर पेनाने खूण करा, पाय सैल सोडून घेर मोजा. मग दुसऱ्या पायाचा, त्याच अंतरावर. पोटरी जिथे सर्वांत जाड दिसते तिथे मोजा. दोन्ही पायांतला फरक वहीत लिहा. सूज असेल तर घेर फसवा येतो, तेही शेजारी नोंदवा.

दुसरी चाचणी खुर्चीची, पण ही पूर्ण भाराची परवानगी मिळाल्यावरच. भिंतीला टेकवलेली, बिनहाताची, साधारण दीड फुटी खुर्ची घ्या. हात छातीवर बांधून पाच वेळा उठा-बसा आणि मोबाईलवर सेकंद मोजा. आशियाई देशांसाठी २०१९ साली ठरवलेल्या निकषांनुसार वयस्क माणसाला यासाठी १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागत असतील तर पायांची कामगिरी कमी समजतात. हात न टेकता एकदाही उठता येत नसेल तर वहीत शून्य लिहा. लाजायचं कारण नाही, शून्यापासून मोजलेली प्रगतीच नीट दिसते.

दर दोन आठवड्यांनी पुन्हा मोजायचं. रोज नाही.

पायरी ३: स्नायूला जागं करणं

प्लास्टर निघाल्यावरच्या पहिल्या काही दिवसांत मांस वाढवायचा विचार बाजूला ठेवा. या दिवसांचं काम एकच, मेंदूचा हुकूम मांडीपर्यंत पोचवणं.

गुडघ्यात थोडं पाणी किंवा सूज असली तरी मांडीचा पुढचा स्नायू आपोआप दबून जातो. सांध्यातून जाणारे संदेश मज्जारज्जूच्या पातळीवरच त्याला आवरतात. तुम्ही मनापासून जोर लावता आणि मांडी थंड पडलेली असते. याला आळस म्हणू नये. आधी सूज उतरवायची: बर्फ फडक्यात गुंडाळून १० ते १५ मिनिटं, पाय उंच, उभं राहणं कमी.

मांडी आवळण्याचा व्यायाम असा करा. गादीवर किंवा सतरंजीवर पाय लांब करून बसा. गुडघ्याखाली टॉवेलची छोटी गुंडाळी ठेवा, व्यायामापुरतीच. आता गुंडाळी खाली दाबायची, जणू गुडघ्याची मागची बाजू जमिनीला टेकवायची आहे. त्याच वेळी दोन बोटं वाटीच्या आतल्या बाजूला, जरा वर ठेवा. तिथे अश्रूच्या थेंबाच्या आकाराचा स्नायू असतो. जोर लावला की तो बोटांखाली टणक झाला पाहिजे आणि वाटी किंचित वर, मांडीकडे सरकली पाहिजे. बऱ्याचदा पेशंट कुल्ले आवळतो, श्वास रोखतो, चेहरा लाल करतो आणि बोटांखालचा थेंब ढिम्म असतो. अशा वेळी तेच चांगल्या पायावर करून बघायचं, बोटांना काय लागलं पाहिजे ते कळतं, मग दुखऱ्या पायावर परत. कधी कधी दोन्ही पाय एकदम आवळले की दुखरा पाय चटकन शिकतो. पाच सेकंद धरायचं, दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा.

तो टणक झाला की पुढचा टप्पा: पाठीवर झोपून, चांगला गुडघा दुमडून, दुखरा पाय सरळ ठेवून फूटभर उचलायचा. इथे बाजूने कुणीतरी बघायला हवं. पाय उचलताना गुडघा जरासा दुमडत असेल, टाच मागे रेंगाळत असेल, तर मांडी अजून पुरती जागी नाही. पाय वर जातोय तो कमरेच्या स्नायूंच्या जिवावर. अशा अवस्थेत काठी किंवा वॉकर सोडण्याची घाई करू नका. गुडघा दगा देतो तो याच काळात.

करंटच्या मशीनविषयी लोक हमखास विचारतात. दुखणं कमी करायला जे मुंग्या येणारं मशीन लावतात, त्याने स्नायू वाढत नाही. स्नायू दिसेल इतका आवळून आणणारं वेगळं यंत्र असतं, ते मात्र या जागं करण्याच्या टप्प्यात खरोखर उपयोगी पडतं, विशेषतः गुडघ्याच्या ऑपरेशननंतर, आणि तेही स्वतः जोर लावत असतानाच. मालिशने बरं वाटतं, त्वचा सुधारते, पण मांडी भरत नाही. महिनाभर रोज शेक आणि करंट घेऊनही "ताकद का येत नाही" असं विचारणारे खूप भेटतात. त्या महिनाभरात मांडीने स्वतः काय केलं, एवढंच मी विचारतो.

पायरी ४: वजन, आणि वाढत जाणारं वजन

इथे बहुतेकांची गाडी अडते. फिजिओने सुरुवातीला दिलेले व्यायाम, त्याच वीस उठाबशा, तोच बिनवजनाचा पाय उचलणं, सहा महिने नेमाने चालू असतं. पहिल्या दोन आठवड्यांत त्याने फरक पडला कारण तेव्हा तेवढंही जड होतं. आता ते सोपं झालं, आणि सोप्या कामासाठी स्नायू जादा मांस बाळगत नाही.

ही गोष्ट पद्धतशीर मांडली ती थॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरने. लहानपणी संधिवाताच्या तापाने अंथरुणाला खिळलेला हा मुलगा पुढे वजनं उचलून धट्टाकट्टा झाला होता. दुसऱ्या महायुद्धात शिकागोच्या लष्करी रुग्णालयात पाय मोडलेले सैनिक महिनोन्‌महिने पडून असायचे, आणि तेव्हाची रीत हलक्या हालचाली भरपूर वेळा करून घेण्याची होती. डीलॉर्मने लोखंडी बूट बांधून जड वजनं, थोड्या वेळा उचलायला लावली आणि दर आठवड्याला वजन वाढवलं. १९४५ साली त्याने हे प्रसिद्ध केलं. पुढे १९४८ मध्ये वॉटकिन्स या सहकाऱ्यासोबत त्याने ते सोपं केलं: दहा वेळाच जेमतेम उचलता येईल असं वजन शोधायचं, मग त्याच्या निम्म्याने दहा, पाऊण वजनाने दहा आणि पूर्ण वजनाने दहा. आजही जिममधला "दहाचे तीन सेट" तिथूनच आलेला आहे.

जड वजनच का, यालाही कारण आहे. हलकं काम असेल तर शरीर स्नायूतले लहान, चिवट, हळू तंतूच कामाला लावतं. मोठे, वेगवान, ताकदवान तंतू शेवटी बोलावले जातात, एकतर वजन जड असेल तेव्हा किंवा हलकं वजन उचलून उचलून लहान तंतू थकतील तेव्हा. म्हणजे हलक्या वजनाने चालतच नाही असं नाही. पण थकेपर्यंत जावं लागतं. तीस वेळा सहज होत असताना दहावर थांबलात तर मोठ्या तंतूंना पत्ताच लागत नाही.

म्हणून एक कसोटी वापरा: सेट संपला तेव्हा "नीट पद्धतीने अजून दोन किंवा तीनच झाले असते" असं वाटलं पाहिजे. पाचपेक्षा जास्त शिल्लक वाटले तर वजन कमी आहे. एकही शिल्लक नसेल, कंबर वाकडी होत असेल, तर जास्त आहे.

व्यायाम थोडेच हवेत. खुर्चीतून उठणं हा पाया. सुरुवातीला खुर्चीवर एक-दोन उशा ठेवून उंची वाढवा, हातांचा आधार घ्या. मग आधार सोडा, मग उशा काढा. इथे आरसा किंवा मोबाईल समोर ठेवून स्वतःला बघा. दुखरा पाय नकळत पुढे सरकवला जातो आणि सगळा भार चांगला पाय उचलतो. कित्येक महिने लोक एकाच पायावर उठत असतात आणि त्यांना ते ठाऊकही नसतं. दुखरा पाय मुद्दाम थोडा मागे, चांगला थोडा पुढे ठेवला की ही चोरी पकडली जाते. सोपं झालं की पोटाशी पाठपिशवी धरा, तिच्यात एक-एक किलोच्या साखरेच्या किंवा तांदळाच्या पिशव्या घालत जा. त्यानंतर पायरीवर चढणं: आधी चार इंच, मग जिन्याची नेहमीची पायरी. चढताना खालच्या पायाने उडी मारायची नाही, वरच्याने ओढायचं.

पोटरीसाठी भिंतीला हात लावून दोन्ही टाचा उचला, जमू लागलं की दोन्हीने वर जाऊन एकट्या दुखऱ्या पायावर सावकाश खाली या, शेवटी एकाच पायावर पूर्ण. निरोगी प्रौढ माणसाला एका पायावर वीस-पंचवीस वेळा टाच उचलता येते. घोटा मोडलेल्यांनी हे उद्दिष्ट डोळ्यांपुढे ठेवावं, कारण पोटरीकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं आणि लंगडणं तिथेच अडकून राहतं. कुल्ल्यांसाठी पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणं पुरे.

प्रत्येकी आठ ते बारा वेळा, दोन ते तीन सेट, मध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती, आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस सोडून. रोज केलं तर लवकर होईल असं नसतं. वजनाच्या व्यायामानंतर नवी प्रथिनं बनण्याचा वाढलेला वेग एक-दोन दिवस टिकतो, ती रचना होऊ द्यायची असते. बारा वेळा नीट जमले की वजन साधारण पाच ते दहा टक्क्यांनी वाढवा आणि पुन्हा आठवर या. वजन उचलताना श्वास सोडा, उतरवताना घ्या. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो.

तालमीतल्या बैठकांबद्दल घरातली जुनी माणसं हमखास आठवण करतात. बैठका उत्तमच, पण त्या या टप्प्याच्या शेवटी. गुडघा पूर्ण दुमडून शेकड्याने मारायच्या बैठकांसाठी आधी खुर्चीच्या उंचीवर वजन पेलता आलं पाहिजे.

अंग आंबतं तेव्हा

पहिल्या एक-दोन वेळांनंतर मांडी आंबेल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त, जिना उतरताना तर तोंडातून आवाज निघेल. लॅक्टिक ॲसिड साठलं म्हणून असं होतं हा समज अजून जात नाही. व्यायाम थांबल्यावर तासा-दीड तासात ते रक्तातून निघून गेलेलं असतं. हे दुखणं येतं ते ताणत ताणत भार पेलल्यामुळे तंतूंना झालेल्या बारीक इजेमुळे आणि तिच्या दुरुस्तीमुळे. म्हणून जिना चढण्यापेक्षा उतरण्याने पाय जास्त आंबतात. तोच व्यायाम आठवड्याने पुन्हा केला की दुखणं निम्म्यावर येतं. वेदनाशामक गोळी घेऊन दाबण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी थोडं चाला.

आंबणं आणि सांधा दुखणं यात गफलत करू नका. आंबणं मांसल भागात, पसरलेलं, दाबल्यावर कळणारं. सांध्यात एका ठिकाणी टोचणारं दुखणं, वाढलेली सूज, २४ तासांनंतरही न उतरणारी ठणक, यांचा अर्थ मागच्या वेळी जास्त झालं. एक टप्पा मागे या, व्यायाम बंद मात्र करू नका.

दम वेगळा कमवावा लागतो

वजनाने ताकद येते, पण बाजारातून दोन पिशव्या घेऊन घरी येताना जो दम लागतो त्यासाठी दुसरं काम हवं. बिनवापरात स्नायूतल्या ऊर्जा बनवणाऱ्या कणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, कमी होतात, हृदयाचा एका ठोक्यात रक्त फेकण्याचा आवाका घटतो. १९६६ साली डॅलसमध्ये वीस वर्षांच्या पाच तरुणांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवलं, तेव्हा त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चौथ्या हिश्श्याहून जास्त घसरली. त्याच पाच जणांना तीस वर्षांनी तपासलं, तेव्हा तीन दशकांच्या वयाने केलेली घट त्या तीन आठवड्यांपेक्षा कमी निघाली.

उलटा प्रवासही होतो. जॉन होलोझी यांनी १९६७ साली उंदरांना काही आठवडे पळवून त्यांच्या स्नायूंतली मायटोकॉन्ड्रियांची क्षमता दुपटीच्या आसपास नेऊन दाखवली होती. माणसासाठी सुरुवात: सपाट जागेवर दहा मिनिटं चालणं, दिवसातून दोनदा. बोलता यावं पण गाता येऊ नये एवढा वेग. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत अर्ध्या तासापर्यंत. गुडघा कुरकुरत असेल तर जागेवरची सायकल, सीट उंच ठेवून. वजनाच्या मधल्या दिवशी हे ठेवा.

ताटात काय

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली सर्वसाधारण प्रौढासाठी दिलेलं प्रमाण वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं असं आहे. दुखापतीतून उठणाऱ्याने, विशेषतः साठीच्या पुढच्याने, १.२ ग्रॅमच्या आसपास जावं. साठ किलोच्या माणसाला रोज साधारण ७२ ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.

हिशोब असा बसतो: एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, वाटीभर घट्ट वरणात किंवा मटकीच्या उसळीत सहा ते आठ, मूठभर शेंगदाण्यांत किंवा फुटाण्यांत सात, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८, तेवढ्याच बांगड्यात १९-२०, एका पोळीत किंवा भाकरीत तीनच्या आसपास. आपलं वरण पातळ असतं ही खरी अडचण. वाटी भरलेली दिसते आणि डाळ दोन चमचे. दुसरं, सगळी प्रथिनं रात्रीच्या जेवणात येतात, सकाळी चहा-बिस्किट किंवा पोहे. वयस्क स्नायूला जागं करायला एका वेळी २५ ग्रॅमच्या आसपास लागतं, म्हणून सकाळच्या पोह्यांसोबत दोन अंडी आणि दूध, नाहीतर मुगाची धिरडी आणि दही, असं काहीतरी ठेवा.

हाड मोडलं की घरात डिंकाचे लाडू आणि पायाचं सूप सुरू होतं. लाडू ऊर्जेसाठी छान, प्रथिनं मात्र थोडी. पायाच्या सुपातली प्रथिनं बहुतेक जिलेटिनची असतात, स्नायू बांधायला लागणारा ल्युसिन हा प्रथिनांतला घटक त्यात कमी. चव म्हणून प्या, त्यावर विसंबू नका. उपवासाच्या दिवशी साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात, खिचडीत जी येतात ती शेंगदाण्याची. तेव्हा दाण्याचा कूट सढळ हाताने घाला, सोबत दही घ्या. आणि पडून असताना वजन वाढेल या भीतीने जेवण निम्म्यावर आणू नका. पोट कमी होण्याआधी मांडी कमी होईल.

"या वयात आता काय?"

१९९० साली बॉस्टनमधल्या वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे जड वजनाचा व्यायाम दिला. सर्वांत मोठ्या व्यक्तीचं वय ९६. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांची मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट झाली. मांसही वाढलं, पण ताकदीच्या मानाने खूप कमी. आपल्याकडे आजीला हात धरून अंगणात दोन फेऱ्या मारायला लावणं म्हणजे व्यायाम समजतात. तिला घट्ट खुर्ची, जवळ एक माणूस, आणि दिवसाआड दोनदा आठ-आठ उठाबशा द्या.

कुठे थांबायचं

पोटरी एकाच बाजूची सुजली, गरम लागते, दाबल्यावर दुखते, तर शिरेत गुठळी असू शकते. त्याच दिवशी दाखवा, चोळू नका. सोबत धाप किंवा छातीत दुखणं असेल तर थेट हॉस्पिटल. चवडा वर उचलता येत नाही, चालताना चप्पल पायातून निसटते, पावलाच्या वरच्या बाजूला बधिरपणा आहे, तर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस दबलेली असू शकते. घट्ट प्लास्टरनेही हे होतं. नसच हुकूम पोचवत नसेल तर वजनं वाढवून उपयोग नाही, आधी तिची तपासणी. आणि खूप दिवसांनी जोशात व्यायाम केल्यावर लघवी कोकसारखी गडद झाली तर स्नायू मोडून त्यातलं द्रव्य मूत्रपिंडात चाललं आहे, विनाविलंब डॉक्टरकडे जा.

किती दिवस, आणि नंतर

पहिल्या तीन-चार आठवड्यांत ताकद भराभर वाढते पण टेप हलत नाही. हा काळ मज्जातंतूंचा. लोक नेमके इथे कंटाळतात. घेरात दिसण्यासारखा फरक सहा ते आठ आठवड्यांनी. दोन आठवडे प्लास्टरमध्ये गेलेलं परत यायला त्याहून दुप्पट-तिप्पट वेळ लागतो, सहा आठवड्यांच्या प्लास्टरला चार ते सहा महिने धरून चाला. पूर्वी व्यायाम करणाऱ्यांचं लवकर भरून येतं. १९९१ सालच्या एका प्रयोगात वीस आठवडे वजनं उचललेल्या महिलांनी सात महिन्यांहून अधिक काळ सोडून दिलं, आणि पुन्हा सुरू केल्यावर सहा आठवड्यांत त्या बऱ्याच अंशी परत आल्या.

दोन्ही मांड्यांतला फरक सेंटिमीटरभर राहिला आणि एका पायाची ताकद दुसऱ्याच्या नव्वद टक्क्यांच्या पुढे गेली की पळणं, खेळ, मोटारसायकलला किक मारणं यांचा विचार करा. त्यानंतर कमावलेलं टिकवायला कमी मेहनत पुरते. तरुणांना आठवड्यातून एक दिवस, तेच वजन ठेवून एखादा-दुसरा सेट केला तरी मांस टिकतं. साठीच्या पुढे एवढ्यावर ताकद बरीचशी राहते पण मांस हळूहळू जातं, म्हणून त्यांनी आठवड्यातून दोन दिवस तरी व्यायाम करावाच. सेट कमी करा, वजन कमी करू नका.

मध्येच ताप आला, लग्नसराई आली, गावाला गेलात आणि दोन आठवडे खाडा पडला तर घाबरू नका, जुन्या वजनाच्या दोन तृतीयांशापासून सुरू करा आणि आठवडा-दोन आठवड्यांत परत तिथे या.